कलेक्टर व्हायचंय, मग अकरावीला काय घ्यायचं?

प्रश्न : मुलीला यंदा दहावीला ८८ टक्के मिळाले. तिला आयएएस व्हायचंय. नातेवाईक म्हणतात, यूपीएससी करायची तर सरळ आर्ट्स घ्या, इतिहास-भूगोल तिथंच होतो. शाळेतल्या सरांना मात्र एवढे मार्क असताना सायन्स सोडणं वेडेपणा वाटतो. कुणाचं ऐकावं? (पालक, सांगली जिल्हा)

उत्तर : दोघांचंही अर्धंच ऐका. आयएएससाठी यूपीएससी जी नागरी सेवा परीक्षा घेते, तिला आयोग शाखा विचारतच नाही. मान्यताप्राप्त विद्यापीठाची कुठलीही पदवी चालते, तिच्यात किमान टक्क्यांची अट नाही आणि बारावीचे गुण अंतिम यादीत कुठेच धरले जात नाहीत.

फरक पडतो तो पुढच्या वाटांचा. बारावी सायन्स केलेल्याला नंतर बी.ए., बी.कॉम.ला जाता येतं. आर्ट्सच्या बारावीवर इंजिनिअरिंग, मेडिकल, कृषी या वाटा बंद होतात. भारतीय वन सेवेसाठी तर पदवीची अटच आहे : वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भौतिक, गणित, संख्याशास्त्र, भूगर्भशास्त्र, पशुवैद्यक यांपैकी किमान एक विषय असलेली पदवी, नाहीतर कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची. या सेवेची पूर्व परीक्षा नागरी सेवेचीच असते. म्हणजे अशी पदवी हातात असेल तर एकाच पूर्व परीक्षेत दोन ठिकाणी नशीब अजमावता येतं.

हे वाचून लगेच सायन्सचा फॉर्म भरू नका. आधी गुणपत्रिका नीट बघा. आपल्या बोर्डात टक्केवारी 'बेस्ट ऑफ फाइव्ह'ने निघते, म्हणजे सर्वांत कमी गुणांचा विषय बाहेर राहतो. तो विषय गणित असेल तर ८८ टक्क्यांनी तुम्हाला काहीच सांगितलेलं नाही. शिवाय गणित आणि विज्ञानात १०० पैकी २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात आणि ते बहुतेकांना भरभरून मिळतात. ते वजा करून ८० पैकी किती पडले ते पाहा. साठच्या आसपास किंवा खाली असतील आणि पोरगी क्लासशिवाय एकही गणित स्वतःहून सोडवायला बसत नसेल, तर सायन्सची दोन वर्षं फरफट होईल. अशा मुलीने आर्ट्स घ्यावं. आकडे चांगले असतील आणि गोडीही असेल तर सायन्स घ्या. काही कनिष्ठ महाविद्यालयांत सायन्ससोबत भूगोल घेता येतो, प्रवेशाआधी तेवढी चौकशी करा.

प्रश्न : मी अकरावी आर्ट्सला आहे, माध्यम मराठी. पुढे कुठे कमी पडेन? (विद्यार्थी, बीड)

उत्तर : दोन ठिकाणी, आणि दोन्हींवर आत्तापासून काम करता येतं.

पहिलं म्हणजे सीसॅट. पूर्व परीक्षेचा हा दुसरा पेपर २०१५ पासून फक्त पात्रतेपुरता उरला आहे, पण त्यात २०० पैकी ६६ मिळाले नाहीत तर पहिला पेपर कितीही चांगला गेला असला तरी तू बाहेर. ८० प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण, चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा. ३३ बरोबर आणि १२ चूक असतील तर ८२.५ वजा १०, म्हणजे ७२.५. सुटलास. तेच ३३ बरोबर ठेवून घाईत २० चुकवलेस तर गुण ६६च्या किंचित खाली येतात आणि वर्ष जातं. अंकगणित आणि आलेख-तक्त्यांचे प्रश्न दहावीच्या पातळीचे, असं अभ्यासक्रमात लिहिलेलं आहे. दहावीनंतर गणिताची वही बंद केलेला मुलगा पाच-सहा वर्षांनी टक्केवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेग बघून गांगरतो. आठवड्यातून दोनदा अर्धा तास पुरे, पण खंड नको.

दुसरं, इंग्रजी वाचन. मुख्य परीक्षा मराठीत लिहिता येते, मुलाखतही मराठीत देता येते. पूर्व परीक्षेची प्रश्नपत्रिका मात्र इंग्रजी आणि हिंदीतच छापलेली असते. मुख्य परीक्षेतल्या इंग्रजीच्या ३०० गुणांच्या पेपरात २५ टक्के, म्हणजे ७५ गुण लागतात. तेवढे नसतील तर बाकीचे पेपर गुणवत्तेसाठी धरलेच जात नाहीत. मराठीच्या पेपरलाही हाच नियम आहे, आणि 'मराठी काय, येतंच की' म्हणणारे त्यातही अडकतात. रोज इंग्रजी वृत्तपत्रातला एक अग्रलेख वाच आणि त्याचा सारांश मराठीत सहा ओळींत लिही. वाचन आणि लेखन दोन्ही होतं.

आर्ट्सचा फायदा म्हणशील तर लिहिण्याचा सराव. सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांत प्रत्येकी २० प्रश्न असतात, दहा १५० शब्दांचे आणि दहा २५० शब्दांचे. तीन तासांत ४,००० शब्द, एका उत्तराला सरासरी नऊ मिनिटं. विचार करायचा वेळही त्यातलाच. अकरावी-बारावीत गाइडमधली उत्तरं उतरवून काढलीस तर हा फायदा हातचा जाईल.

प्रश्न : वैकल्पिक विषय आधी ठरवून मग त्याला जुळणारी शाखा घ्यावी, असं एका ठिकाणी सांगितलं. बरोबर आहे का? (विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : पंधरा-सोळाव्या वर्षी हे ठरवू नकोस. वैकल्पिक विषय म्हणजे मुख्य परीक्षेसाठी आपण स्वतः निवडायचा विषय. त्याला लेखी परीक्षेच्या १७५० पैकी ५०० गुण आहेत, म्हणून तो महत्त्वाचा आहे खरा. पण ४८ विषयांची ती यादी नीट पाहिलीस तर एक गोष्ट दिसेल. समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र, लोकप्रशासन हे विषय पदवीनंतर कोऱ्या पाटीवर सुरू करता येतात. इंजिनिअर आणि डॉक्टरही ते घेतात. मराठी साहित्यसुद्धा यादीत आहे. गणित, भौतिकशास्त्र यांचा अभ्यासक्रम मात्र पदवीच्या वरच्या पातळीचा आहे. दहावीनंतर गणित सोडलेल्याने तिकडे वळायचा विचारही करू नये. तेव्हा अवघड ते आधी शिकून सोपं नंतर घेता येतं, हाच क्रम उलटा चालत नाही.

प्रश्न : अकरावीपासूनच 'यूपीएससी फाउंडेशन' लावावं का? फी मोठी आहे. (पालक, पुणे)

उत्तर : नको. २०११ मध्ये सीसॅट आलं, २०१३ मध्ये मुख्य परीक्षेतले दोन वैकल्पिक विषय जाऊन एक राहिला. एमपीएससीच्या राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता बहुपर्यायी न राहता वर्णनात्मक झाली आहे. पाच वर्षांनी परीक्षेचा साचा कसा असेल हे आज फी घेणाऱ्यालाही माहीत नाही. सहावी ते बारावीची एनसीईआरटीची इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र आणि अर्थशास्त्राची पुस्तकं सुट्ट्यांमध्ये एकदा वाचून काढली तरी या वयाला पुष्कळ झालं. उरलेली शक्ती बारावीवर लावा.

प्रश्न : आर्ट्स घेतलं की तीन वर्षांत पदवी, म्हणजे परीक्षा लवकर देता येईल ना? मुलाचा जन्म डिसेंबर २०१०चा, दहावी २०२६ला झाली. (पालक, अकोला)

उत्तर : वय मोजा. परीक्षेच्या वर्षी १ ऑगस्टला २१ पूर्ण असावी लागतात. मुलाची बारावी २०२८ला, तीन वर्षांची पदवी २०३१ला. त्या वर्षी १ ऑगस्टला तो वीसच वर्षांचा असेल, म्हणजे पहिली संधी २०३२ची. मग चार वर्षांची ऑनर्स पदवी किंवा इंजिनिअरिंग केलं तरी त्याचं काहीच जात नाही, कारण शेवटच्या वर्षाला असणाऱ्यांना पूर्व परीक्षेला बसता येतं. वरची मर्यादा खुल्या गटाला ३२ वर्षं आणि ६ प्रयत्न, ओबीसींना ३५ आणि ९, अनुसूचित जाती-जमातींना ३७ आणि त्या वयापर्यंत प्रयत्नांवर बंधन नाही.

प्रश्न : कॉमर्सवाल्यांचं काय? आणि मुक्त विद्यापीठाची पदवी चालते का? (वाचक, लातूर)

उत्तर : कॉमर्स चालतं. 'वाणिज्य व लेखाशास्त्र' हा वैकल्पिक विषयच आहे, आणि परीक्षा नाही जमली तरी बी.कॉम.वर पोट भरता येतं, हा मुद्दा बरेच पालक विसरतात. अकरावीला गणित घेण्याची सोय असेल तर सोडू नका, सीसॅटला कामी येतं. मुक्त विद्यापीठाची पदवीही चालते, विद्यापीठ आणि तो अभ्यासक्रम यूजीसीमान्य (विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता असलेला) असला की झालं. प्रवेश घेताना मान्यता कोणत्या वर्षापर्यंत आहे तेवढं यूजीसीच्या यादीत तपासून घ्या.