तिसऱ्या घंटेआधीची गोळी

रंगमंचावर जाण्याच्या भीतीसाठी प्रोप्रॅनोलॉल (धडधड आणि थरथर कमी करणारी गोळी) घ्यायचं म्हणतोस, तर आधी डॉक्टरांकडून नाडी आणि बीपी तपासून घे. दमा असेल, नाडी मुळातच मंद असेल तर ही गोळी तुझ्यासाठी नाही. इन्सुलिन चालू असेल तर तेही सांग, कारण साखर उतरल्याची धडधड ती झाकून टाकते. मित्राच्या पाकिटातली तर उचलूच नकोस.

डॉक्टर बहुधा 10 ते 40 मिलिग्रॅम, प्रयोगाच्या साधारण तासभर आधी घ्यायला सांगतात. पहिली गोळी तालमीच्या दिवशी घेऊन बघ. चक्कर, गार पडणारे हात, थकवा, जे काय व्हायचं ते तिथेच कळेल. ही गोळी अ‍ॅड्रेनलिनचा परिणाम अडवते, म्हणून हातातला कागद थरथरत नाही. ‘वाक्य विसरलो तर?’ हा विचार मात्र तसाच राहतो. अल्प्राझोलाम या गुंगी आणणाऱ्या, घबराटीवरच्या गोळीच्या वाटेला जाऊ नकोस: पाठांतर सुटतं, वर सवय लागते.

विचारांचं काम सीबीटीत, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचारात होतं. स्वगत आधी मोबाइलसमोर म्हण, मग दोघांसमोर, मग पूर्ण ग्रुपसमोर. दर वेळी भीती 0 ते 10 मध्ये लिही आणि ती उतरू लागेपर्यंत तिथेच उभा राहा. बहुतेक जण नेमके इथे चुकतात: भीती चढली की विंगेत पळतात, आणि पळालो म्हणून वाचलो हेच डोक्यात पक्कं बसतं. एखादं वाक्य मुद्दाम चुकव, सावर, पुढे जा. कुणालाच आवडत नाही हा प्रकार, पण करच. आणि काही तालमी बिनगोळीच्या ठेव, नाहीतर सगळं श्रेय गोळीलाच जाईल.