त्या सत्तर कॉलनी फेकू नकोस

प्रिय,

तुझा मेल वाचून आधी हसूच आलं, रागावू नकोस, एमएस्सीला माझंही अगदी हेच झालं होतं. तोच ई. कोलाय बॅक्टेरिया, यूव्हीचा (अतिनील किरणांचा) डोस तोच, आणि एका प्लेटवर 4 कॉलनी (वाचलेल्या पेशींपासून वाढलेले ठिपके) नि दुसरीवर 70! विचारतोयस की 70 वाली काउंटमधून उडवू का. अजिबात नाही. आधी सांग, यूव्ही दिल्यावर ती प्लेट होती कुठे? खिडकीजवळच्या बेंचवर ना?

यूव्हीने डीएनएतले शेजारशेजारचे दोन थायमिन (साखळीतला एक घटक) एकमेकांना चिकटून गाठ बनते, मग कॉपी करणारं पॉलिमरेज तिथे अडकतं. बॅक्टेरियाकडे यावर फोटोलायेज नावाचं एन्झाइम असतं, ते अंधारातही त्या गाठीवर जाऊन बसतं पण निळा उजेड पडेपर्यंत काहीच करत नाही, आणि पडला की एक इलेक्ट्रॉन उसना देतं, गाठ सुटते, इलेक्ट्रॉन परत घेतं, कापाकापी काही नाही. तुझा डबा खाऊन होईपर्यंत खिडकीतल्या प्लेटवर हेच चाललं होतं. अल्बर्ट केल्नर या शास्त्रज्ञालाही असेच विचित्र आकडे येत होते, आधी त्याचा संशय तापमानावर होता, खरं कारण उजेड निघालं, 1949 ची गोष्ट.

दुसऱ्या प्लेटवरच्या 4 कॉलनी बहुतेक दुसऱ्या यंत्रणेने वाचवल्यात, तिला उजेड लागत नाही. यूव्हीआर ए, बी, सी ही तीन प्रोटीन मिळून गाठीच्या दोन्ही बाजूंना कट मारतात, 12-13 न्यूक्लिओटाइडचा (डीएनएच्या साखळीतल्या कड्यांचा) तुकडाच निघतो, मग पॉलिमरेज जागा भरतं नि लायगेज टाका घालतं. हे शोधलं अझीझ सँकार यांनी, मूळचे तुर्कस्तानातले डॉक्टर. फोटोलायेजचा जीन क्लोन करून पीएचडी झाली तरी पोस्टडॉकचे (पीएचडीनंतरच्या संशोधनाचे) तिन्ही अर्ज नाकारले गेले, म्हणून अमेरिकेतल्या येल विद्यापीठात लॅब टेक्निशियन म्हणून लागले आणि तिथेच यामागे लागले. 2015 चं केमिस्ट्रीचं नोबेल लिंडाल आणि मॉड्रिच यांच्याबरोबर त्यांना मिळालं. तुला आत्ताशी एकच नकार आलाय, तेव्हा मेलमध्ये त्यावर दोन पानं लिहायची गरज नव्हती.

आता परत कर. यूव्ही दिला की तीन प्लेट लगेच फॉइलमध्ये, तीन ट्यूबलाइटखाली अर्धा तास, मग सगळ्या इनक्युबेटरमध्ये. हाताळताना पिवळाच दिवा, म्हणजे निळ्या उजेडाने फोटोलायेज कामाला लागणार नाही. बिनयूव्हीची कंट्रोल (तुलनेसाठीची प्लेट) मागच्या वेळी विसरलास, ती ठेव. आणि लॅम्प चालू असताना फेस शील्ड लाव, आपल्यात फोटोलायेज नाहीये.