चेन ब्लॉक (साखळीनं वजन उचलायची कप्पी) ज्याला टांगतो त्या गर्डरवर, म्हणजे आडव्या लोखंडी तुळईवर, ‘2 टन’ लिहायचं आहे, रंग कोणता आणि अक्षरं केवढी ठेवावीत?

पिवळ्यावर काळं, चार इंची अक्षरं, दोन्ही बाजूंनी. खाली उभं राहून वाचता आलं की झालं.

पण रंग विचारलात, तो 2 टनांचा आकडा आणला कुठून? चेन ब्लॉकवर कोरलाय म्हणून गर्डरवर उतरवणार असाल तर रंगाचा डबा बंद करा. ब्लॉकची ताकद वेगळी, गर्डरची वेगळी. गर्डरच्या हिशेबात ट्रॉली (ब्लॉक गर्डरवर सरकवणारी चाकांची गाडी) न् ब्लॉकचं स्वतःचं वजनही धरावं लागतं.

वाळूजला एका प्रेस शॉपमध्ये मी फिटर होतो. आमच्या गर्डरवरही 2 टन लिहिलेलं, आणि लिहिलं तेव्हा ते खरं होतं. मधोमध खांब होता, दोहींकडं दहा-दहा फूट. पुढं नवीन प्रेस आत न्यायला तो खांब आडवा आला. रविवारी सुट्टी बघून गॅस कटरनं कापला. सोमवारी येऊन बघतो तर खाली ओल्या सिमेंटचं ठिगळ, वर 2 टन जसंच्या तसं. मधला टेकू गेला की दहाचं अंतर वीस होतं. गर्डर आधीच्या निम्मंही पेलत नाही आणि तेवढ्याच वजनाला आठपटीहून जास्त लवतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक असायला पाहिजे ते म्हणाले, "लिवलंय की वर दोन टन. उचल."

उचलली डाय, म्हणजे प्रेसचा लोखंडी साचा. फूटभर वर गेली असेल. मोठा आवाज वगैरे काही नाही, गर्डर झोपेत कूस बदलावी तसा वळला आणि डाय खाली. माझा हेल्पर, पैठणकडचं एकोणीस वर्षांचं पोरगं, त्याच्या पायाची दोन बोटं गेली.

चौकशीत ठरलं काय, तर फिटरनं 2 टनांच्या वर उचललं. माझा बोनस कापला. खांबाचं नाव कुणी काढलं नाही. नंतर तीच डाय दुरुस्तीला टेम्पोतून निघाली, तेव्हा मी ड्रायव्हरशेजारी बसलो आणि वाटेत वजनकाट्यावर टेम्पो घालायला लावला. रिकाम्याचं वजन वजा जाता भरली 1,640 किलो.

कारखाने कायदा, 1948, कलम 29 तेव्हा लागू होतं: सुरक्षित भार आणि ओळखखूण ठळक लिहा, रजिस्टरात नोंदवा, बारा महिन्यांतून एकदा तरी सक्षम माणसाकडून तपासा. आमच्याकडं लिहिणं तेवढं झालं होतं. म्हणून सांगतो, आकडा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून सहीनिशी घ्या, पेंटरकडून नाही. आणि खांब, वेल्डिंग, बोल्ट, कशालाही हात लावलात तर आधी तो आकडा पुसा. कोरा गर्डर बघून माणूस निदान विचारतो तरी.

मी इंजिनिअर नाही, तुमचा गर्डर पाहिलेला नाही. आणि त्या दिवशी ट्रॉली डायच्या बरोबर डोक्यावर नव्हती, डाय थोडी तिरकी ओढली होती, हेही कबूल. तिरक्या ओढीनं गर्डर लवकर वळतो. पण म्हणून 1,640 चे 2 टनांच्या वर होत नाहीत, उस्ताद.

काट्याची पावती अजून माझ्याकडं आहे. शाई उडायला लागली तेव्हा झेरॉक्स काढून ठेवली.