दहा मिनिटांत ठीक झालं, तरी दाखवायचं का?

प्रश्न : डॉक्टर साहेब नमस्कार, माझे सासरे 68 वर्षांचे, शुगर बरीच जुनी आणि बीपीची गोळी पण चालू. परवा सकाळी पोहे खाताना उजव्या हातातला चमचा आपोआप खाली पडला, जीभ जड झाली, काय म्हणताहेत कळेना, पण दहा मिनिटांत एकदम नॉर्मल आणि नंतर स्वतःच राजवाड्याकडे चक्कर मारून आले. म्हणतात शुगर लो झाली असेल, उगाच दवाखाना नको. काय करू? (सुदामा नगर, इंदूर)

उत्तर : ताई, तुमचा मेल वाचल्या वाचल्या कळवलंच होतं की आत्ताच न्या, इथे बाकीच्यांसाठी लिहितोय. हा मिनी स्ट्रोक, म्हणजे टीआयए असू शकतो. मेंदूची रक्तवाहिनी रक्ताच्या गुठळीने थोडा वेळ बंद होते आणि परत उघडते, म्हणून माणूस ठणठणीत दिसतो, घरचे निर्धास्त होतात, आणि नेमका पुढच्या दोन दिवसांतच मोठा स्ट्रोक यायचा धोका सगळ्यात जास्त असतो. बरं वाटलं म्हणून तर लगेच जायचं, हातपाय शाबूत आहेत तोवर.

शुगरचं म्हणाल तर सासरे अगदीच चूक नाहीत, लो शुगरमध्येही बोलणं अडखळतं, कधी एक बाजू ढिली पडते. मशीन हाताशी असेल तर बोट टोचून बघा, 70 च्या खाली असेल, माणूस शुद्धीवर असेल आणि नीट गिळत असेल तर साखर द्या. पण मशीनचे सेल शोधत बसू नका, 108 ला फोन आधी.

पुन्हा कधी शंका आली तर त्यांना हसायला सांगा, दोन्ही हात समोर उचलून धरायला सांगा आणि "आज पोहे छान झालेत" एवढं म्हणायला लावा. तोंड वाकडं, एक हात खाली येतोय, शब्द लटपटतायत, यातलं एकही अचानक झालेलं दिसलं तर निघा. आणि शेवटचे ठीक कधी होते ती वेळ लिहून घ्या, डॉक्टर पहिलं तेच विचारतात, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात आणि त्याच्या आधी मेंदूचा सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना हे बघावं लागतं. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं तर उठल्याची नाही, रात्री झोपताना ठीक होते ती वेळ सांगायची. लकव्याची मालिश वगैरेत वेळ घालवू नका, आधी दवाखाना! चोवीस तास सीटी कुठे होतं हे मात्र आजच विचारून ठेवा.

प्रश्न : आईला शुगर आहे, रात्री गॅस होऊन जबड्यापर्यंत दुखतं, घाम येतो, छातीत मात्र दुखत नाही. हार्टचं असेल का? ॲस्पिरिन घरात ठेवू का? (रामबाग, इंदूर)

उत्तर : असू शकतं, तेव्हा आजच ईसीजी करा. जुन्या शुगरने नसा बधिर होतात, मग छातीत कळ न येता नुसता दम लागतो, घाम फुटतो, मळमळतं, आणि आपल्याकडे सगळा आळ सराफ्यातल्या खाऊगल्लीच्या कचोरीवर. पहिला ईसीजी कधीकधी नॉर्मल येतो, त्यामुळे डॉक्टर परत ईसीजी किंवा रक्ताची ट्रोपोनिन तपासणी (हृदयाला इजा झाली का ते दाखवणारी) सांगतील तर कुरकुर करू नका. आत्ता त्रास चालू असेल तर 108, स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका.

ॲस्पिरिन ठेवा, पण ॲलर्जी किंवा अल्सर आहे का ते आईच्या डॉक्टरांना विचारून. हार्ट अटॅकच्या वेळी ती चावून खायची असते, स्ट्रोकच्या संशयात सीटीच्या आधी अजिबात द्यायची नाही.