प्रागला मुलाखती घ्यायला निघालीस म्हणून

पोरी,

तुझी प्रश्नावली वाचली. बारा प्रश्न, आणि जवळपास प्रत्येकात 'निराशा' आहे. तो शब्द आधी काढून टाक. साठीच्या माणसाला थेट विचारलंस की कम्युनिझम गेल्यावर पाश्चात्त्य पॉप कल्चरने तुमची निराशा केली का, तर तो बिचारा पाहुणीचं मन मोडू नये म्हणून हो म्हणेल, वर कॉफी पाजेल, आणि तू थिसिसमध्ये टक्केवारी काढत बसशील.

त्यापेक्षा विचार की स्वतःच्या पैशाने घेतलेली पहिली कॅसेट कुठली, कोणाकडून मिळाली, कितीला पडली, आता कुठाय. आणि मग गप्प बस (तुला जड जाईल, माहितीये).

मी १९८७ ला स्कॉलरशिपवर तिकडे गेलो, स्त्राहोवच्या हॉस्टेलला राहायचो. माझ्या चेक रूममेटकडे वेल्वेट अंडरग्राउंड या अमेरिकन रॉक बँडची एक कॅसेट होती, कॉपीची कॉपी, तिची परत कॉपी, आणि मूळची कुणीतरी रेकॉर्ड प्लेअरसमोर माईक धरून केलेली, त्यामुळे एका गाण्याच्या ऐन मधे कुत्रा भुंकायचा. आम्हाला तो कुत्राही पाठ झाला होता, बरोबर त्या जागी आम्ही दोघं भुंकायचो. आता हे गंमतीचं वाटतं, पण त्या देशात असलं म्युझिक ही नुसती आवड नव्हती. प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स म्हणून त्यांचा एक बँड होता, १९७६ मध्ये पोलिसांनी त्या मंडळींना उचललं, खटला चालवला, काहींना आत टाकलं, आणि त्याच्या निषेधातून पुढे चार्टर ७७ ही मानवी हक्कांची चळवळ उभी राहिली, नाटककार हावेल वगैरे लोक तिथूनच पुढे आले. त्यामुळे ती कॅसेट ऐकणं आणि सरकारला भीक न घालणं या गोष्टी माझ्या रूममेटच्या डोक्यात कधी वेगळ्या झाल्याच नाहीत. तुझ्या विषयाची गोम इथे आहे असं मला वाटतं.

मग १९८९ चा नोव्हेंबर झाला, कम्युनिस्ट सरकार पडलं, हावेल राष्ट्राध्यक्ष झाला आणि १९९० च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश रॉक बँड रोलिंग स्टोन्स आले, आमच्या हॉस्टेलला लागून असलेल्या स्टेडियममध्ये. टँक चालले बाहेर, स्टोन्स आले आत, अशी घोषणा होती, आणि सोव्हिएत सैन्य तेव्हा खरंच परत जात होतं. लाखभर माणूस होतं. माझा रूममेट ढसाढसा रडला, आणि तो रडणाऱ्यातला नाही. त्या रात्री कोणाची निराशा झाली नाही, हेही लिहून ठेव, नाहीतर सगळा इतिहास तुला रडका दिसायला लागेल.

नंतर मग धडाका सुरू झाला. १९९२ ला मॅकडोनाल्ड्स, १९९४ ला टीव्ही नोव्हा हे खाजगी चॅनल, जिकडे बघावं तिकडे तेच चेहरे आणि त्याच जाहिराती. रूममेटने त्या अल्बमची ओरिजनल सीडी घेतली, चकचकीत, आणि मला मुद्दाम बोलावून लावली. कुत्र्याची जागा आली, आम्ही दोघांनी तोंड उघडलं, आणि गाणं आपलं सरळ पुढे गेलं. तो म्हणाला, छान आहे, आणि भांडी घासायला उठला.

लेतना टेकडीवर मात्र नक्की जा. १९५५ मध्ये तिथे स्टालिनचा पंधरा मीटरहून उंच पुतळा उभा केला होता, स्टालिन पुढे आणि त्याच्या मागे कामगार, सैनिक वगैरे ओळीने, म्हणून प्रागवाले त्याला 'मटणाची रांग' म्हणायचे. १९६२ मध्ये सुरुंग लावून तो उडवला. आणि १९९६ च्या सप्टेंबरमध्ये मायकल जॅक्सनच्या टूरसाठी त्याच टेकडीवर जॅक्सनचा भलामोठा पुतळा आणून ठेवला! आम्ही दोघं खाली उभं राहून मान वर करून बघत होतो. तो म्हणाला, याच्या मागची रांग कुठाय? मी म्हटलं, आपणच की.

गंमत म्हणजे दोनेक महिन्यांत तीच टूर आपल्या अंधेरीला आली, १ नोव्हेंबरला, आणि भाऊ फोनवर जॅक्सनपेक्षा सरकारने त्या शोला माफ केलेल्या करमणूक कराबद्दलच जास्त बोलत होता.

आणि एक, जुन्या दिवसांच्या प्रेमात पडू नकोस. जीन्स हवी तर टुझेक्स नावाच्या दुकानात जायचं, तिथे साधा पैसा चालायचा नाही, वेगळी कुपनं लागायची, ती गल्लीतल्या दलालाकडून चढ्या भावाने घ्यायची, यात रम्य काही नव्हतं. लोक तुला कोफोला पाजून म्हणतील, हे आमचं खरं पेय. पी, चांगलं लागतं. पण कोक-पेप्सीपुढे ते पार मागे पडलं होतं आणि नंतर परत वर आलं तेही जाहिरातीच्याच जोरावर, हे त्यांच्यासमोर बोलू नकोस, वहीत लिही.

घरात शिरताना बूट काढायचे, तिकडेही आपल्यासारखंच आहे. रेकॉर्डर चालू आहे ना, दोनदा बघ. रूममेटचा नंबर वेगळा पाठवतो. त्याला कॅसेटबद्दल जरूर विचार, फक्त कुत्र्याचं तू काढू नकोस. तो आपणहून काढतो का बघ, आणि काढलं तर मला लगेच कळव.

काका