एसीटीएच टेस्टचं रक्त द्यायच्या आधी लॅबला बर्फाचं विचारा

ताई, मिस्टरांचा दुपारी ४ चा कॉर्टिसोल (मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथींचं हॉर्मोन) ६ आला आणि लॅबवाला आता मोठं हॉर्मोन पॅकेज घ्या म्हणतोय, हे वाचलं आणि राहवलं नाही. मी डॉक्टर नाही, ॲडिसनचा, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथीच निकामी होतात त्या आजाराचा, पेशंट आहे, तेवढं धरून वाचा.

पॅकेज नको. दुपारच्या आकड्यावरून काही ठरत नाही, सकाळी ८ च्या सुमाराचा हवा. ३ (मायक्रोग्रॅम/डीएल) च्या खाली आला तर कॉर्टिसोलची कमतरता जवळजवळ नक्कीच, १८ च्या वर गेला तर बहुधा सुटलात, मधे लटकला तर सिनॅक्थेन टेस्ट, म्हणजे ॲड्रिनलला कॉर्टिसोल बनवायला लावणारं इंजेक्शन देऊन ३० आणि ६० मिनिटांनी रक्त. (लॅबच्या पद्धतीप्रमाणे आकडे हलतात.) आपल्याकडे बरेच डॉक्टर त्याऐवजी ॲक्टॉन प्रोलाँगेटम हे तशाच कामाचं इंजेक्शन देतात, बिचकू नका. पण मिस्टर कॅसिनोत नाइटला असतात ना, मग सकाळचे ८ ही त्यांच्या शरीराची सकाळ नव्हेच, ते आधी सांगा. दम्याचा पंप, गुडघ्यात घेतलेलं इंजेक्शन, खाजेचं मलम, सगळं सांगा, त्यात बरेचदा स्टेरॉइड असतं आणि त्याने कॉर्टिसोल दबतो.

आता एसीटीएच, म्हणजे मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी ॲड्रिनलला कामाला लावायला सोडते ते हॉर्मोन. हे रक्तात लगेच मोडतं. जांभळ्या झाकणाची ट्यूब, लगेच बर्फात, थंड सेंट्रिफ्यूज, मग गोठवूनच बाहेर पाठवायचं. माझ्या वेळी एका कलेक्शन सेंटरने ऐन मे महिन्यात साध्या ट्यूबमधे घेतलं आणि संध्याकाळची गाडी येईपर्यंत बाकीच्या सॅम्पलांत टाकून ठेवलं. रिपोर्ट कमी. कॉर्टिसोल कमी, एसीटीएच पण कमी म्हणजे दोष पिट्युटरीत, झालं, डोक्याचा एमआरआय, तो नॉर्मल, आणि इकडे माझ्या हिरड्या काळ्या पडतायत, सोडियम खाली, पोटॅशियम वर, म्हणजे सगळं ॲड्रिनलकडेच बोट दाखवतंय, पण कागदावर छापलेल्या आकड्यापुढे पेशंटच्या तोंडाकडे बघतो कोण! नीट बर्फात घेतल्यावर एसीटीएच कितीतरी पट वर निघाला, सीटीत दोन्ही ग्रंथी सुजलेल्या, कारण टीबी. सेंटरवाल्यांना विचारलं तर म्हणे मशीनने दिलंय ते खरं. पैसे परत तर सोडाच, सॅम्पल कसं घेतलं ते लिहून द्यायलाही तयार नाहीत.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या: जिथे मशीन आहे तिथेच जाऊन रक्त द्या, घरी येऊन नेणारा नको, भले पहिली कदंबा बस पकडून पणजीला जावं लागलं तरी. काउंटरवर बर्फाचं विचारा, पोरगं गोंधळलं तर उठा.

टीएसएच (थायरॉइडची टेस्ट) जरा वाढलेला दिसला म्हणून थायरॉक्सिनची गोळी घाईने सुरू करू नका, कॉर्टिसोलचं आधी मिटू दे, नाहीतर क्रायसिस, म्हणजे कॉर्टिसोल कमी पडून जिवावर बेतणं, ओढवू शकतो.

आणि उलट्या, चक्कर, बीपी खाली असं काही झालं तर टेस्ट-बिस्ट सोडा, थेट बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलची (जीएमसी) कॅज्युअल्टी गाठा आणि ॲड्रिनलचा संशय आहे हे दारातच सांगा. तिथे रक्त काढून ठेवतात पण हायड्रोकॉर्टिसोनचं (औषधातलं कॉर्टिसोल) १०० मिग्रॅचं इंजेक्शन रिपोर्टसाठी थांबवत नाहीत.