‘थोरला सेवेत आहे’ म्हणजे कुठे?

एका वाचकांचा प्रश्न आहे: “नगरकडच्या एका ख्रिस्ती स्नेह्यांनी सांगितलं, ‘आमचा थोरला सेवेत आहे.’ मी विचारलं, कुठल्या खात्यात? ते हसायलाच लागले. मुलगा पाळक, म्हणजे चर्चचा धर्मोपदेशक, आहे. पुढच्या बोलण्यात त्यांनी उपदेशालाही सेवा म्हटलं, दवाखान्यातल्या कामालाही आणि जेवणात वाढण्यालाही. ख्रिस्ती मराठीत सेवा म्हणजे नक्की काय? ती कोणाची आणि कशासाठी? शिवाय या मुलाची ओळख कार्यक्रमपत्रिकेत छापायची आहे, ‘पाद्री’ लिहिलं तर चालेल का?”

खात्याचं नाव तोंडात येणं साहजिक आहे. शासकीय सेवा, सेवापुस्तक, सेवानिवृत्ती यांनी हा शब्द कचेरीत नेऊन बसवला. त्याआधी तो पत्राच्या मायन्यात होता: ‘तीर्थरूप अमुक यांचे सेवेशी’. आणि त्याच्याही आधीपासून गुरूची सेवा, आईवडिलांची सेवा, विठोबाची सेवा. या सगळ्यांत दिशा एकच दिसेल, धाकट्याकडून थोरल्याकडे. सुनेने सासूची सेवा केली असं आपण सहज म्हणतो. सासूने सुनेसाठी दीड महिना रात्री जागवल्या तर मात्र ‘बाळंतपण केलं’ म्हणतो, सेवा म्हणत नाही.

ख्रिस्ती मराठीत ही दिशाच फिरते, कारण त्या ‘सेवे’च्या मागे संस्कृत ‘सेव्’ धातूइतकाच एक ग्रीक शब्द उभा आहे: डायाकोनिया. नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या येशूनंतरच्या भागाच्या, काळात डायाकोनोस म्हणजे निरोप्या, हाताखालचा माणूस आणि बऱ्याचदा सरळ वाढपी. मार्कने लिहिलेल्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या, 10व्या अध्यायात जब्दीचे मुलगे याकोब आणि योहान येशूकडे उजवी-डावीकडच्या जागा मागतात. बाकीचे दहा शिष्य चिडतात. तेव्हा येशू सांगतो की तुमच्यात ज्याला मोठं व्हायचं आहे त्याने सेवक व्हावं, पहिलं व्हायचं आहे त्याने सगळ्यांचा दास व्हावं. आणि स्वतःबद्दल म्हणतो की मी सेवा करून घ्यायला आलो नाही, सेवा करायला आलो. इथे ग्रीकमध्ये दोन वेगळे शब्द आहेत, डायाकोनोस आणि डूलोस, आणि मराठी पवित्र शास्त्राने, म्हणजे मराठी बायबलने, ‘सेवक’ आणि ‘दास’ असा फरक राखला आहे. फक्त ‘दास’ आपल्या कानाला फार मऊ लागतो. रामदास, तुलसीदास ऐकून वाढलेल्यांना त्यात भक्तीच ऐकू येते. डूलोस म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचा गुलाम. पहिल्या ऐकणाऱ्यांना ते वाक्य चांगलंच टोचलं असणार.

तुमच्या स्नेह्यांनी उपदेश आणि वाढणं एकाच शब्दात बसवलं, ते सैल बोलणं नव्हे. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा 6वा अध्याय काढा. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती समुदायात, ग्रीक बोलणाऱ्यांची कुरकुर सुरू होते की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. बारा प्रेषित, म्हणजे येशूचे मुख्य शिष्य, सगळ्यांना बोलावून म्हणतात, वचनाचं काम सोडून आम्ही वाढत बसणं बरं नाही, तुमच्यातले सात जण निवडा. हे ‘वाढत बसणं’ मराठी शास्त्रात ‘पंक्तिसेवा’ होऊन येतं, आणि प्रेषित स्वतःकडे ठेवतात ती ‘वचनाची सेवा’. ग्रीकमध्येही दोन्हीकडे तोच शब्द, म्हणजे उपदेश ही सेवा आणि ताटात भाकर पडणं हीही सेवा. निवडलेल्या सातांची नावं पाहिली तर सातही ग्रीक वळणाची आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार, त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप गेलं असावं. प्रेषितांनी केलेल्या या वाटणीवरून काही जण ‘वचनाची सेवा श्रेष्ठ, पंक्तिसेवा दुय्यम’ असा अर्थ काढतात. मला तो पटत नाही. त्या सातांतला स्तेफन पुढच्याच अध्यायात उभा राहून जे भाषण करतो, ते त्या अख्ख्या पुस्तकातलं सगळ्यात लांब आहे.

‘पंक्तिसेवा’ हा शब्द मराठीत जितका बोलतो तितका इतर भाषांत बोलत नसेल. पंगतीत कोणी कोणाशेजारी बसायचं, कोणाच्या हातचं खायचं आणि कोणी उठल्यावर उष्टं उचलायचं, यावर जिथे जात ठरत होती, त्या मुलखात हा शब्द नुसता वाढप्याचा राहत नाही. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनकडे आलेली बहुतेक माणसं महार आणि मांग समाजातली होती. त्यांना प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीला, एका पंगतीत बसवणं हीच मोठी गोष्ट होती. आजही मंडळीच्या प्रीतिभोजनात पाहा. पाळकसाहेब बाह्या दुमडून रश्श्याची बादली घेऊन फिरतात, ‘आज्जी, अजून घ्या’ म्हणतात आणि स्वतः शेवटच्या पंगतीला बसतात. प्रत्येक ठिकाणी असं घडतं असं नाही. काही ठिकाणी व्यासपीठामागे पाहुण्यांसाठी वेगळं टेबल असतं आणि जेवताना लोकांत त्याची चर्चा होते.

आता ‘कशासाठी’. याचं उत्तर इफिसकरांस पत्राच्या 4थ्या अध्यायात आहे, आणि ते एका स्वल्पविरामावर फिरतं. ख्रिस्ताने कोणाला प्रेषित, कोणाला सुवार्तिक (येशूचा संदेश सांगत फिरणारा), कोणाला पाळक व शिक्षक नेमलं ते कशासाठी, असं ते वाक्य आहे. 1611च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात तिथे तीन तुकडे पडले: पवित्र जनांना पूर्ण करण्यासाठी, सेवेच्या कामासाठी, ख्रिस्ताचं शरीर, म्हणजे मंडळी, उभारण्यासाठी. असं वाचलं की तिन्ही कामं पाळकाची. पण मूळ ग्रीकमध्ये स्वल्पविराम नाहीच. तो काढला तर अर्थ होतो: पवित्र जनांना सेवेच्या कामासाठी तयार करावं, म्हणजे शरीर उभं राहील. ‘पवित्र जन’ म्हणजे संत नव्हेत, मंडळीतले तुमच्याआमच्यासारखे सगळे. मग सेवा सगळ्यांची, आणि पाळकाचं काम त्यांना तयार करणं. प्रचलित मराठी शास्त्राने हाच दुसरा अर्थ धरला आहे, आणि तो बरोबर आहे असं माझं मत. पेत्राच्या पहिल्या पत्रातही प्रत्येकाला देवाकडून मिळालेलं ‘कृपादान’, म्हणजे अंगचा गुण, एकमेकांच्या सेवेसाठी वापरायला सांगितलं आहे. हिशेब ठेवता येणं, आजाऱ्याजवळ बसता येणं, गाता येणं ही सगळी त्यात आली.

ही मंडळीच्या आतली बाजू झाली. बाहेरची बाजू मत्तयाच्या 25व्या अध्यायात आहे: भुकेल्याला, परक्याला, उघड्याला, आजाऱ्याला, कैद्याला जे केलं ते मलाच केलं, असं शेवटच्या न्यायाच्या वेळी राजा, म्हणजे ख्रिस्त, म्हणतो. इथे आपली जुनी ‘वर’ जाणारी सेवा आणि ही ‘खाली’ उतरणारी सेवा एकत्र येतात. देवाची सेवा करायची तर पत्ता शेजारच्याचा.

पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हे घडताना दिसतं. 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी मुली आणल्या, 1900च्या सुमारास गुजरातमधून. त्याच मुली पुढे शिकवू लागल्या, शुश्रूषा करू लागल्या, छापखाना चालवू लागल्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत केलेलं बायबल 1924 साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, तिथेच छापलं गेलं. सेवा घेणाऱ्याला कायम घेणाराच ठेवते ती डायाकोनिया नव्हे. तिला आपल्याकडे दानधर्म म्हणतात.

‘सेवेच्या नावाखाली धर्मांतर’ हा आक्षेप इथे आठवेलच. उपदेश आणि औषध यांना एकच शब्द असल्याने बाहेरच्याला दोन्ही एकच वाटतात, यात नवल नाही. पण मत्तयाच्या त्या उताऱ्यात भुकेल्याला त्याचा धर्म कोणी विचारत नाही.

तरीही ‘सेवेत आहे’ हा प्रयोग मला थोडा खटकतो. ‘पूर्णवेळ सेवा’, ‘सेवेचं पाचारण’ असं म्हणताना सेवा एका पदाला चिकटते आणि बँकेत काम करणारा म्हणतो, ‘मी सेवेत नाही.’ तो स्वल्पविराम मागच्या दाराने परत आला. शहरातल्या नव्या मंडळ्यांत तर रविवारच्या उपासनेलाच ‘सर्व्हिस’ म्हणतात, मग ‘दुसरी सर्व्हिस साडेदहाला’ हे गॅरेजवरही शोभेल.

पत्रिकेत ‘पाद्री’ नको. शब्द पोर्तुगीज आहे आणि मराठीत तो बहुधा बाहेरच्यांच्याच तोंडी असतो. नगरकडे ‘पाळक’ म्हणतात, समोर बोलताना ‘पाळकसाहेब’, आणि त्यांच्या पत्नीला ‘पाळकीणबाई’. पाळकपदाची दीक्षा झाली असेल तर नावाआधी ‘रेव्हरंड’ लावा, झाली नसेल तर लावू नका. एकदा विचारून घेतलेलं बरं. वसईकडचे कॅथलिक असते तर ‘फादर’ किंवा ‘धर्मगुरू’ लिहायचं. नावाखाली ‘पाळक, अमुक मंडळी’ छापलंत तर नगरचे लोक बरोबर समजतील. इतरांना ‘मंडळी’ म्हणजे घरची माणसं वाटतील, तेव्हा श्रोते मिश्र असतील तर ‘चर्च’ लिहा.